झीटाची चढण

आमच्या पिटनहॅरोत कुणाला रस्ता विचारू नये. विचारलात तर तिघं तीन नावं सांगतील, चौथा म्हणेल असा रस्ताच गावात नाही, आणि चौघंही तुम्हाला बरोबर तिथेच नेऊन सोडतील. पालिकेच्या नकाशात एक नाव, गावाच्या तोंडात दुसरं. नकाशात ‘चर्च मार्ग उत्तर’ आहे ना, त्याला आम्ही ‘मांजरबोळ’ म्हणतो. ‘व्हिक्टोरिया गल्ली’ला ‘वाऱ्याचं तोंड’ म्हणतो, आणि जानेवारीत तिथून एकदा टोपी घालून जाऊन बघा, म्हणजे का म्हणतो ते कळेल.

ही तोंडातली नावं म्हातारी माणसं गेली की जातील, अशी काळजी इतिहास मंडळाच्या मिसेस ऑचमुटींना लागली. बाई पर्थच्या, समुद्रापासून लांबच्या. लग्न होऊन इथे आल्या, हुशार आहेत, मनाने चांगल्या आहेत, पण समुद्र त्यांना खिडकीतूनच आवडतो. त्यांनी पालिकेकडून कबूल करून घेतलं, की जी नावं आम्ही टेपवर घेऊ ती निळ्या पाट्यांवर लिहून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लावायची. काम कुणाला द्यायचं यावर सभा झाली. माझा दीर डॉड मागच्या बाकावरून म्हणाला, “बेथीला द्या. तिच्यापुढे कुणाचं तोंड बंद राहत नाही, कारण ती स्वतःचं कधी बंद ठेवत नाही.”

सगळे हसले. मी म्हटलं हसा. बेकरीच्या काउंटरमागे माझा जन्म गेला. पाव बांधून देईपर्यंत माणूस घरातलं सगळं सांगून मोकळा व्हायचा. टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि निघाले.

कामाची रीत अशी. ज्याची गल्ली त्याने गल्लीच्या खालच्या तोंडाशी उभं राहायचं, समुद्राकडे पाठ करून. नाव सांगायचं आणि मग गल्लीचं वर्णन करत वर चढायचं. वर्णन खालूनच करायचं. मिसेस ऑचमुटींनी पहिल्या दिवशी डॉडला गल्लीच्या वरच्या टोकाला उभं केलं आणि म्हणाल्या, “हं, सांगा आता, खाली काय काय लागतं?” डॉडने तोंड मिटलं ते मिटलंच. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. शेवटी मी त्याला दंडाला धरून खाली नेलं. अहो, वरून खाली सांगत गेलं की माणूस समुद्रात गेला आणि गोष्ट तिथेच संपली असं होतं. खालून वर सांगितलं की तो घरी पोचतो. डॉडने सारा जन्म खेकड्यांचे पिंजरे टाकण्यात काढला. त्याला कुठे उलटं चालायला लावता?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव बोटीवर रंगवत नाहीत, दगडात कोरत नाहीत, कशावर चढवत म्हणून नाहीत. तोंडाने दिवसभर घ्या, काही बिघडत नाही. पण एकदा लिहून वर टांगलं की ते वरचा वाचतो, आणि म्हणतो, चला, याचं इथलं काम झालेलं दिसतंय. माझ्या आजोबांच्या वेळी एका तांडेलाने हौसेने नव्या बोटीला बायकोचं नाव दिलं. रंग वाळायच्या आत बायको गेली. तिला क्षय होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण क्षयाचं कुणी बोलत नाही, रंगाचंच बोलतात. हे कुणी कुणाला शिकवत बसत नाही. पोर असलं अभद्र काही बोललं की आजी त्याचा हात धरून जवळच्या लोखंडाला लावते, आणि पोराला कळतं.

आता झीटाचं सांगते.

धक्क्यावरून मोठ्या रस्त्याकडे जो उभा चढ जातो, त्याच्या मध्यावर तिचं मासे आणि चिप्सचं दुकान, उन्हाळ्यात आइस्क्रीमही. झीटा गारझेली. इटलीतल्या डोंगरातल्या कुठल्याशा गावातून एत्तोरेची नवी नवरी होऊन आली, तेव्हा मी आठ वर्षांची होते. दारावर पाटी होती, ‘ई. गारझेली’, सोनेरी अक्षरांत. एत्तोरे हॅडॉक मासा असा तळायचा की वरचं कवच चावताना शेजारच्याला आवाज जावा. झीटा मीठ आणि व्हिनेगर टाकून कागदात बांधून द्यायची, आणि आम्हा पोरांना कढईतला चुरा फुकट.

मग लढाई आली, आणि इटली आमच्या विरुद्ध उतरली. त्याच संध्याकाळी गावचा पोलीस सार्जंट एत्तोरेला न्यायला आला. टोपी हातात घेऊन उभा होता बिचारा. आदल्याच दिवशी तिथे जेवला होता. एत्तोरेला दूर एका बेटावर तारेच्या कुंपणात ठेवलं. रात्रीतून कुणीतरी दुकानाची काच फोडली. कुणी ते कधी कळलं नाही, आणि गाव अजूनही म्हणतं की ते पलीकडच्या गावचे. सकाळी मी शाळेत निघाले तर झीटा स्टुलावर उभी होती, पोटुशी, आणि दारावरची पाटी स्क्रू काढून खाली उतरवत होती. मी पाहत राहिले. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, “पोरी, खालून धर, जड आहे.” मी धरली.

तेव्हापासून दुकानावर पाटी नाही. दुकान तिने एकटीने चालवलं. मासा मिळाला तर मासा, नाहीतर नुसते बटाटे. आता एत्तोरेकडे जाऊन येतो असं कुणाला म्हणता येईना, कारण एत्तोरे नव्हता, आणि त्याचं नाव घेतलं की तिचा चेहरा उतरायचा. मग लोक झीटाकडे जाऊन येतो म्हणायला लागले. दुकानावरून नाव चढावर गेलं. झीटाची चढण. एत्तोरे लढाईनंतर खोकला घेऊन परत आला, पाटी काही त्याने पुन्हा लावली नाही. म्हणाला, “कशाला, लोकांना ठाऊक आहे.” तो गेला, वर चर्चच्या मागे त्याला ठेवलं, तरी झीटा तळतेच आहे. ऐंशी ओलांडली. मुलगा रेन्झो ग्लासगोत दातांचा डॉक्टर आहे. आईने गावभर आइस्क्रीम विकून पोराला दातांचा डॉक्टर केलं, यावर डॉडने केलेले विनोद आम्ही सगळ्यांनी ऐकलेत आणि पुन्हा ऐकायची कुणाची तयारी नाही.

तर टेप घेऊन मी चढणीच्या तोंडाशी आले. पहिला डॉडच, कारण तो तिथेच वर राहतो. मी बटण दाबलं. डॉडने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या लोखंडी कठड्यावर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, “ही जकात गल्ली.”

जन्मात कधी ते नाव त्याच्या तोंडातून ऐकलं नव्हतं मी. नकाशात आहे तसं. कोण्या काळी तिथे जकातीचं नाकं होतं म्हणे. मग तो वर चढायला लागला. डाव्या हाताला दोरखंडवाल्याची वखार, तिथे आता गाड्या ठेवतात. मग नळ, तो सत्तावन्न सालच्या थंडीत फुटला होता. मग कठडा वळतो. मग एक दार आहे. हिरवं. “मग पुढे,” डॉड घाईघाईने म्हणाला, “पायऱ्या.”

त्याच्यामागून जे जे आले त्या सगळ्यांनी तेच केलं. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. नळाचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं, एकीने तर गटाराच्या झाकणाचं सांगितलं. दुकानापाशी आले की सगळ्यांना खोकला यायचा. मीही माझ्या पाळीला जकात गल्लीच म्हटलं, आणि मनात म्हटलं, शाबास रे माझ्या गावा. निळी पाटी लागणार होती ना इथे. तिच्या नावाची पाटी, ती जिवंत असताना, भिंतीवर? कुणाची छाती होती? झीटाला मी बोलवलंच नाही. ज्या गल्लीचं नावच तिच्या नावाचं, तिने ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे आगीत हात घालणं.

मिसेस ऑचमुटी टेप ऐकून म्हणाल्या, “कमाल आहे, या एका गल्लीत नकाशा आणि तोंड एकच निघालं.” मी म्हटलं, “हो ना.”

टेप पुरे झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी सगळ्यांना ऐकवायचं ठरलं. झीटा सगळ्यांच्या आधी आली. चांगला निळा कोट, गळ्यात ब्रोच, हातात आइस्क्रीमच्या वेफरचा मोठा ट्रे, सगळ्यांसाठी. पहिल्या रांगेत बसली. मांजरबोळ झाला, हॉल हसला. वाऱ्याच्या तोंडाला कुणीतरी शिट्टी मारली. मग डॉडचा आवाज आला, “ही जकात गल्ली.” झीटा जराशी पुढे झुकली. ऐकत राहिली. नळ, कठडा, हिरवं दार. दुसरा आवाज, तिसरा आवाज, मग माझा. मी तिच्या मागेच बसले होते. तिच्या मानेवरचा अंबाडा मला दिसत होता, तो जराही हलला नाही. संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसारख्याच, रिकामा ट्रे उचलला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टासमोर रेन्झो भेटला. आईला भेटायला रात्रीच आला होता. त्याच्या चेहऱ्यावर अशी खुशी होती की मला आधी वाटलं लॉटरी लागली. “बेथी, आई येतेय ग्लासगोला. किती वर्षं मागे लागलोय. आज न्याहारीला बसली आणि म्हणाली, ने मला. मीच उडालो. लिफ्ट आहे आमच्याकडे, डॉक्टर शेजारी आहे. शुक्रवारी निघतो. दुकानाचं पुढे बघू.”

मी त्याला अभिनंदन की काय ते म्हटलं आणि तडक चढणीवर गेले. झीटा मागच्या खोलीत बटाटे सोलत होती.

“काय ऐकतेय मी?” मी म्हटलं.

“लिफ्ट आहे तिथे. गुडघे दुखतात.”

“तुझे गुडघे वीस वर्षं दुखताहेत. कधी गेली नाहीस ती.”

“आता जास्त दुखतात.” तिने बटाटा पाण्यात टाकला. दुसरा घेतला. “बेथी, लहानपणी तू चुरा मागायला यायचीस. आई कुठे चाललीस विचारायची, तेव्हा काय सांगायचीस तिला?”

मी परातीतला एक बटाटा उचलला आणि परत ठेवला.

“तुझ्या नवऱ्याने तुला पहिल्यांदा बाहेर नेलं, कुठे नेलं? तो काय म्हणाला होता? जकात गल्लीत चल म्हणाला?”

“झीटा, ते तसं नव्हतं.”

“एक दार आहे, हिरवं.” आवाज तिने चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. “साठ वर्षं मी त्या दारात उभी आहे. पाटी एकदा उतरली, ती मी माझ्या हातांनी उतरवली. लढाई होती, मला समजलं. आता लढाई नव्हती. आता तुम्ही सगळ्यांनी मिळून उतरवलीत, आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. तिथे बसल्या बसल्या मला कळलं, बेथी. तुम्ही लोक चांगले आहात. पण नोंद करायची वेळ आली की मी पाहुणीच.”

मला बोलायचं होतं. पण सांगायचं काय? बाई, तुझं वय झालं, पाटी लागली आणि उद्या तू गेलीस तर, म्हणून नाव घेतलं नाही? ऐंशी वर्षांच्या बाईला तिच्या तोंडावर सांगायचं की सगळं गाव तुझ्या मरणाचा विचार करत होतं? ते तर पाटी लावण्याहून वाईट. अशा वेळी माझं जे होतं तेच झालं. मला राग आला.

“जा मग,” मी म्हटलं. “जा आणि लिफ्टमध्ये बसून वरखाली कर दिवसभर.”

दार आपटून बाहेर आले. खाली येईपर्यंत डोळ्यांतून पाणी.

डॉड धक्क्यावर बसून पिंजऱ्याचं जाळं शिवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने सुई थांबवली नाही.

“सांगायला हवं तिला,” मी म्हटलं.

“कसं सांगशील? सांगितलंस तर तेच झालं ना, ज्याला आपण टाळत होतो.”

“मग जाऊ द्यायची तिला?”

“जाऊ दे. ग्लासगोत जगेल तरी.”

“काय जगेल? सकाळी उठून कुणासाठी बटाटे सोलेल ती? तिथे दारातून कोण आत येणार आहे? रेन्झो दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून बसलेला. डॉड, तिला वाटतंय आपण तिला आपलं मानत नाही. हे घेऊन ती जाणार. तू राहशील का हे घेऊन?”

डॉडने सुई जाळ्यात खोचली आणि म्हणाला, “त्या बोटीवाल्या बाईला क्षय होता.”

साठ-सत्तर वर्षांत आमच्या गावात हे वाक्य मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

“बघतेस काय?” डॉड म्हणाला. “तू बोल आधी. मी मागून येतो. तोंड तुझं चालतं.”

शुक्रवारी दुपारी दुकानासमोर रांग होती, नेहमीपेक्षा मोठी. झीटा आज शेवटचं तळतेय हे गावभर झालं होतं. सगळे नुसते माशाच्या रांगेत उभे होते. वर मोठ्या रस्त्याला रेन्झोची गाडी, मागचं झाकण उघडं. मी खाली चढणीच्या तोंडाशी उभी राहिले, समुद्राकडे पाठ केली, बटण दाबलं आणि बेकरीत मागच्या माणसाला हाक मारायचे त्या आवाजात म्हटलं:

“मी बेथिया टार्व्हिट. ही झीटाची चढण.”

रांग वळली. कुणीतरी म्हणालं, “बेथी, टेप चालू आहे.” मी म्हटलं, “मला दिसतंय.” आणि चढायला लागले.

“डाव्या हाताला वखार. तिच्या भिंतीला टेकून माझा नवरा उभा राहायचा, मी बेकरीतून सुटेपर्यंत, आणि मला झीटाकडे न्यायचा. पुढे नळ. बोटी आल्या की माणसं इथे हात धुवायची, कारण मासळीचे हात घेऊन आत आलात तर झीटा बाहेर काढते. इथून वास सुरू होतो. थंडीत इथूनच उजेडही दिसतो. माझा भाऊ ज्या वादळात अडकला होता त्या रात्री तिने विस्तव विझवला नाही, आम्ही सगळ्या बायका आत बसलो होतो, आणि ती एक शब्द न बोलता चहा देत राहिली. भाऊ आला. ओल्या कपड्यांनी आधी इथे आला, मग घरी. इथे तिचं दार आहे. रंग हिरवा आहे, पण दार झीटाचं आहे.”

मागून डॉड आला. कठडा घट्ट धरून, एकेक पाऊल. “मी जॉर्ज टार्व्हिट,” तो पाळण्यातलं नाव घेऊन टेपकडे बघत म्हणाला. “परवा मी चुकीचं सांगितलं. ही झीटाची चढण. मी इथे चौदाव्या वर्षी पहिली सिगारेट ओढली आणि तिने माझ्या कानाखाली वाजवली. सिगारेटसाठी नाही. थोटूक तिच्या पायरीवर विझवलं म्हणून.”

मग रांगेतून एकेक बोलायला लागलं. सगळ्यांचे हात कठड्यावर, आणि ज्यांना कठडा पुरला नाही त्यांनी दाराची कडी धरली. कुणाचं बाळ इथेच पायऱ्यांवर पहिल्यांदा चाललं होतं. कुणाच्या बापाचा पगार बुडला त्या हिवाळ्यात झीटाने दर शनिवारी एक पुडकं जास्तीचं बांधलं होतं आणि चुकून बांधलं म्हणाली होती. अर्धं मलाही माहीत नव्हतं.

दार उघडलं आणि झीटा बाहेर आली, हातात झारा. “काय गोंधळ चाललाय? मासा गार होतोय.” मग तिला टेप दिसला. “परवा नाही घेतलंत नाव. आता मी निघाले म्हणून घेताय? निरोपाचं बक्षीस?”

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. “तू मरू नयेस म्हणून नाही घेतलं, बाई. पाटी लागणार होती. जिवंत माणसाचं नाव वर चढवलं की ते माणूस जातं. तू जाऊ नयेस म्हणून सगळं गाव खोटं बोललं, मी पण बोलले. बस, सांगितलं आता.”

झीटा आमच्याकडे पाहत राहिली. कठड्यावरचे हात, कडीवरचे हात. झाऱ्यातून तेल तिच्या बुटावर ठिबकत होतं.

“असा नियम आहे?” ती म्हणाली. “साठ वर्षांत मला कुणी का नाही सांगितला?”

डॉड गोंधळून, जरासा चिडून म्हणाला, “तुला काय सांगायचं त्यात? बाहेरच्या माणसाला सांगतात. तू इथली ना? आम्ही धरून चाललो की तुला ठाऊक असणार.”

मी झीटाला एत्तोरे गेला तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. रडली म्हणजे काय, एवढंसंच, मनगटाच्या मागच्या बाजूने डोळे पुसले आणि पीठ सगळं गालाला लागलं. मग म्हणाली, “बेथी, आत ये. डॉड, तूही ये. पाय पुसून.”

आत रेन्झो बॅगेचा पट्टा आवळत होता. झीटाने झारा कढईवर ठेवला आणि काउंटरला टेकून उभी राहिली.

“रेन्झो, मला वर ठेवायचं. चर्चच्या मागे, बाबांच्या शेजारी. डोक्याकडची दोरी तुझी. ग्लासगोहून येऊन धरावी लागेल, तेवढं ये.”

रेन्झो म्हणाला, “आई, आत्ता हे काय?” पण मला आणि डॉडला कळलं. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवतात ती दोऱ्यांनी, आणि कुठली दोरी कुणाच्या हातात हे जाणारं माणूस आधीच सांगून ठेवतं. त्यावरून सख्खे भाऊ जन्मभर अबोला धरतात. दोरी वाटून ठेवलेलं माणूस गाव सोडून कुठे जात नाही.

“पायाकडची बेथीची,” झीटा म्हणाली.

डॉड खाकरला. “बायका दोरी धरत नाहीत, झीटा. आपल्याकडे बायका कबरीपर्यंत येत पण नसत पूर्वी.”

“हा नियम मला माहीत आहे,” झीटा म्हणाली. “म्हणून तर सांगतेय. उजव्या खांद्याची तुझी.”

उजव्या खांद्याची म्हणजे डोक्या-पायाकडच्या दोऱ्यांनंतरचा मान. डॉडने डोक्यावरची टोपी काढली, काय करावं ते न सुचून ती पुन्हा घातली, पुन्हा काढली. रेन्झो आईकडे बघत होता. त्याला दुःख झालं होतं, ते दिसत होतं, आणि तो तिचाच मुलगा, म्हणून त्याने ते गिळलं. पट्टा सोडला, बॅग उचलली आणि जिन्यावरून वर तिच्या खोलीत ठेवून आला.

बाहेर रांगेतून कुणीतरी विचारलं, मासा मिळणार आहे की नाही. झीटा ओरडली, “थांबा, मेले नाहीये अजून.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “बेथी, तू काहीच बोलली नाहीस. जड असते हं ती. धरशील ना?”

“धरीन,” मी म्हटलं, आणि तिचे पिठाचे हात हातात घेतले.